सोनाबाईला धीर मी दिला नाही

आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या स्मरणिकेत माझ्यावर अर्धं पान छापून आलं आहे. सोनाबाई मरणाला टेकली असता मी तिला तारणाची, म्हणजे देवानं तिला आपलं मानलं आहे याची, खात्री दिली आणि ती शांतीनं प्रभूकडे गेली, असं त्यात लिहिलं आहे. हे खोटं आहे. वाचून अंगाचा तिळपापड झाला. राग छापणाऱ्यांपेक्षा माझाच जास्त आला, कारण इतकी वर्षं लोक हे सांगत आले आणि मी मान खाली घालून ऐकत आलो.

सत्तरच्या दशकात मी सानगडीजवळच्या एका खेड्यात प्रचारक होतो; लोक मला मास्तर म्हणत. सोनाबाई विधवा, मंडळीत नवीन. पोळ्याला ती आपल्या हिंदू भावाकडे गेली, त्याच्या बैलांना ओवाळलं, नैवेद्याचं जेवली. आमच्या मंडळीत हे मूर्तिपूजेचं पाप. पुढच्या रविवारी मी तिला भर उपासनेत उभं केलं आणि म्हणालो, "बाई, तुझं तारण गेलं." प्रभुभोजनाची भाकर तिला न देता तिच्यासमोरून पुढे नेली. कोणत्या अधिकारानं? ज्याला स्वतःच्या तारणाचा एक दिवसही भरवसा नव्हता, देवानं आज आपल्याला ठेवलं की टाकलं या धास्तीत जो जगत होता, तो दुसऱ्याचं तारण काढून घेत होता!

ती परत आली नाही. पुढच्या पावसाळ्यात ती फार आजारी असल्याचं कळलं. मी गेलो, पण धीर द्यायला नव्हे. मरण्याआधी तिनं चूक कबूल करावी म्हणून गेलो. भर रोवणीचे, भातलावणीचे दिवस होते. धानाची उपटलेली रोपं शेताच्या बांधीत तशीच पडली होती आणि तिचा भाऊ शिवराम खाटेशी बसून तिला पेज पाजत होता.

"या जी मास्तर," तो म्हणाला. "आता काय काढून न्याले आले?"

मी तारणाचं बोलू लागलो. त्यानं वाटी खाली ठेवली.

"रोवणाऱ्या बाया बांधीत माई वाट पाहून राहिल्या. पन इले सोडून माया पाय निघत नाही. अन् तुमचा देव एका जेवणापायी इले सोडून देते? मंग तो मायापेक्षा मोठा कसा, सांगा ना जी!"

माझ्या हातात पवित्र शास्त्र होतं. त्यात याचं उत्तर होतं, शेकडो वेळा वाचलेलं: 'मी तुला सोडून जाणार नाही, टाकणार नाही.' ते माझ्यासाठीही आहे, असं कधी वाटलंच नव्हतं.

सोनाबाई हसली. "दादा, उगा त्यायले बोलू नको. मास्तर, देवासंग मायं रोजचं बोलणं हाय. त्यानं मले कदी सोडलं नाही. सोडलं तं तुमी."

मी खाटेच्या पायथ्याशी बसलो आणि रडलो. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तुमालेच लय भेव वाटते ना?" मग डोळे मिटून म्हणाली, "येशूबापा, मास्तरले भेव वाटते. त्यायले धरून ठेव."

एवढंच. पण माझ्या आत वर्षानुवर्षं आवळलेली मूठ सुटली. मी देवाला धरलं नव्हतं, त्यानं मला धरलं होतं.

तिसऱ्या दिवशी ती गेली. तिच्या दफनाच्या वेळी मी खरं सांगायला हवं होतं. "ती तारणाच्या खात्रीनं गेली," एवढंच बोललो. मी तिच्या खाटेशी जाऊन आलो हे लोकांना ठाऊक होतं; श्रेय त्यांनी मला दिलं आणि मी ते घेतलं. माझ्या भित्रेपणासकट ज्यानं मला आजवर टाकलं नाही, त्या प्रभूचे उपकार मानतो. आणि आजही कुठे एखादा प्रचारक कुणा बाईला उभं करून तिचं तारण काढून घेत असेल, तर त्याला या म्हाताऱ्याचं सांगणं आहे: बाबा, खाली बस. ते तू दिलेलं नाहीस.