बिळावरच्या काड्या

२००४च्या उन्हाळ्यात प्रोफेसरांनी मला चिपमंकवर काम दिलं, तेव्हा मी तो प्राणी जेमतेम दोनदा पाहिला होता. आपल्या खारीहून बुटका, तांबूस, पाठीवर पट्टे, आणि झाडापेक्षा जमिनीवरच जास्त. नागपूरहून एम.एस्सी. करून मी ओहायोत आले होते, पण माझं सगळं शिक्षण सूक्ष्मदर्शकापाशी झालेलं. जिवंत प्राणी हातात धरायची वेळ कधी आलीच नव्हती.

कामाची जागा म्हणजे ओहायोतल्याच डब्लिन गावाच्या कडेला एका मराठी काकूंच्या घरामागचं ओकचं रान. काकू निवृत्त डॉक्टर, एकट्या राहायच्या. रानात फिरायची परवानगी त्यांनी आनंदाने दिली होती.

"माझे ट्यूलिपचे कांदे उकरून खातात मेले. सगळे पकडून घेऊन जा."

"काकू, मी पकडून, कानात नंबर लावून परत सोडणार आहे."

"सोडणार? मग तुझा उपयोग काय?"

पहिल्याच सकाळी पिंजऱ्यातून पिशवीत घेताना एकाने हातमोज्यातून माझ्या बोटाला कडकडून चावा घेतला. पिशवी हातातून सुटली, चिपमंक पसार. काकूंनी बोट नळाखाली धरलं, साबणाने खसाखसा धुतलं, टिटॅनसचं इंजेक्शन कधी घेतलंस ते विचारलं.

"प्रोफेसरांना सांगून टाक, नाही जमत म्हणून."

"जमेल," मी म्हटलं. आवाज रडवेला होता, पण दुसऱ्या दिवशी गेले.

हळूहळू जमलं. मानेमागे कसं धरायचं, पिशवीसकट वजन कसं करायचं, ते हाताला कळलं. ऑक्टोबरात ओकची फळं पडू लागली आणि चिपमंकांची धांदल उडाली. गालाच्या पिशव्या भरून डोकं दुप्पट मोठं दिसायचं. बिळात रिकाम्या करून लगेच दुसरी खेप. प्रत्येकाचं बीळ वेगळं. शेजारी जवळ आला की चिकचिक करून त्याला पिटाळून लावायचं. नोव्हेंबरपर्यंत मी सव्वीस जणांना नंबर लावले. मग एका आठवड्यात सगळे जमिनीखाली गडप झाले.

प्रोफेसरांनी मला बोलावलं. "यातले स्प्रिंगपर्यंत किती टिकतात, हा आपला प्रश्न. आधीच्या दोन स्टुडंट्सनी जानेवारीतच सोडून दिलं. तुला लॅबमधला प्रोजेक्ट देऊ शकतो."

"मार्चपर्यंत बघते, सर."

"थंडी सोपी नसते इथली."

"माहीत आहे," मी म्हटलं. खरं तर काहीच माहीत नव्हतं.

चिपमंक हिवाळाभर सलग झोपत नाही. काही दिवस थंडगार पडून राहतो, मग उठतो, साठवलेलं खातो, पुन्हा झोपतो. क्वचित बाहेरही डोकावतो. म्हणून मी प्रत्येक बिळाच्या तोंडावर बारीक काड्यांची फुली ठेवायचे आणि एक दिवसाआड जाऊन बघायचे. फुली हलली तर कुणीतरी आलं होतं. बर्फ पडला की तोंड हाताने उकरून नव्या काड्या. जानेवारी संपला, फेब्रुवारी संपत आला, एकही काडी हलली नाही. पायाची बोटं बधिर व्हायची, आणि वहीत तेच लिहायचं: काही नाही.

काकू चहाचा थर्मास घेऊन मागच्या पायऱ्यांवर यायच्या. "अगं, ते मेल्यासारखे झोपलेत. तू कशाला मरतेस?" पण एक दिवस त्याच म्हणाल्या, "घराजवळची चार बिळं मी बघत जाईन. तू लांबची बघ."

मार्चच्या पहिल्या आठवड्यात सकाळीच त्यांचा फोन आला. "काड्या हलल्यात. मी हात लावलेला नाही. लवकर ये."

फुली बाजूला पडली होती. विरघळत्या बर्फात छोटी पावलं दुसऱ्या बिळाकडे गेली होती. नर आधी उठतात आणि माद्यांच्या शोधात निघतात. मी पिंजरा लावला. दुपारी उघडला तेव्हा आत चौदा नंबर होता, हडकुळा, वजन बरंच उतरलेलं, पण जिवंत आणि भयंकर चिडलेला. त्याला धरून मी वजन केलं, लिहून घेतलं, सोडला. मग पायरीवर बसून रडले. काकू शेजारी येऊन बसल्या.

एप्रिलअखेर सव्वीसपैकी अकरा सापडले. प्रोफेसरांनी वही दोनदा तपासली.

"थिसिसला अजून एक हिवाळा लागेल," ते जरा चाचरतच म्हणाले.

"करते," मी म्हटलं.

तोही हिवाळा काढला. २००६च्या उन्हाळ्यात थिसिस पास झाला. आभाराच्या पानावर काकूंचं नाव पहिलं होतं. त्यांनी चष्मा लावून ते वाचलं आणि विचारलं, "आता पुढे काय करायचं ठरवलंयस?"