उशिरा लागलेला ब्रेक

कुठल्याही गाडीत बसण्याआधी बालाजी खाली वाकायचा. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडायचं, एक गुडघा जमिनीला टेकायचा आणि क्लच-ब्रेकच्या मागे हात घालून चाचपायचं. पाण्याची बाटली, चप्पल, लेकरांचं खेळणं, जे हाताला लागेल ते उचलून मागच्या सीटवर टाकायचं आणि मगच आत बसायचं. त्याचा डावा पाय गुडघ्यात नीट वाकत नसे, तरी हे वाकणं त्यानं कधी चुकवलं नाही. धाराशिवात त्याचं मोटार ड्रायव्हिंग स्कूल होतं. तिथं शिकायला आलेल्या नर्सबाई असोत की कोर्टातले वकील, सगळ्यांना पहिला धडा हाच. "आदी पायाखाली बगा," तो म्हणायचा, "रस्ता कुटं पळून जात न्हाय."

एकदा एक वकीलसाहेब वैतागले. म्हणाले, "तुम्ही रेसचे ड्रायव्हर ना? मग स्टेअरिंग धरायला शिकवा की. झाडलोट कसली करायला लावता?" बालाजी हसला आणि म्हणाला, "साहेब, रेसचा हुतो म्हणूनच सांगायलाव." वकिलांना ते काही कळलं नाही. कळण्यासारखं ज्यांना होतं असे आम्ही दोघंच होतो, तो आणि मी. दोन वर्षांपूर्वी तो गेला आणि गेल्या उन्हाळ्यात त्याचे वडील अण्णाही गेले. अण्णा असते तर हे मी लिहिलं नसतं.

आमची दोघांची घरं ढोकीला, एका गल्लीत. अण्णा ट्रॅक्टर ड्रायव्हर. हंगामात ऊस भरून कारखान्यावर न्यायचा, हे त्यांचं काम. उसानं गच्च भरलेल्या दोन ट्रॉल्या मागे असल्या की उतारावर ट्रॅक्टर माणसाच्या हातात राहत नाही, ट्रॉल्याच त्याला ढकलत नेतात. अशा उतारावर अण्णा बालाजीला शेजारच्या मडगार्डवर बसवून शिकवायचे. "पळवाय कुनाला बी येतंय," ते म्हणायचे, "थांबवाय यावं लागतंय. वजन मागनं काय म्हनतंय ते पाठीला कळलं पायजे." बालाजीच्या पाठीला ते फार लवकर कळलं. जत्रेत ट्रॉली जोडून ट्रॅक्टर उलटा चालवायची शर्यत लागते. मिसरूड फुटायच्या आत त्यानं गावातल्या भल्याभल्यांना तिथं पाणी पाजलं आणि फेटा बांधून घरी आला.

पुढं आम्ही दोघं ऑटोमोबाईलच्या डिप्लोमाला लागलो. मी अभ्यासात बरा, तो वर्कशॉपमध्ये. डिप्लोमा झाल्यावर पुण्याजवळच्या एका कार्टिंग ट्रॅकवर, म्हणजे छोट्या बुटक्या गाड्या शर्यतीसारख्या पळवायच्या ठिकाणी, त्याला काम मिळालं. वाढदिवसाला येणाऱ्या हौशी पोरांना हेल्मेट घालून द्यायचं, गाड्या धुवायच्या आणि ट्रॅक बंद झाला की गाड्या एकेक फेरी मारून आत लावायच्या. ही आत लावायची फेरीच त्याला लाभली. तिथं शिकवायला येणाऱ्या प्रशिक्षकांनी ती पाहिली, घड्याळ लावून पुन्हा मारायला लावली आणि त्याला निवड चाचणीसाठी कोइम्बतूरला पाठवलं. तिथं मोठ्या घरची, लहानपणापासून कार्ट चालवणारी पोरं होती. बालाजी त्यांच्यात पहिला आला. चाचणीत पहिला येणाऱ्याला एका संघाची गाडी मिळणार होती, ती त्याला मिळाली.

ही गाडी म्हणजे आपल्या रस्त्यावरची गाडी नव्हे. छप्पर नाही, चारही चाकं अंगाबाहेर उघडी, आणि ड्रायव्हर आत जवळजवळ झोपलेला, पाय पुढं नाकाडात खुपसलेले. बाहेर दिसतं ते फक्त हेल्मेट. बालाजीनं पहिल्यांदा आत बसून मला फोन केला, तेव्हा म्हणाला, "शिवा, तिरडीवर निजल्यावानी वाटतंय, पर लई झ्याक हाय." वर्षभरात त्याच संघात मेकॅनिक म्हणून मीही गेलो. तिकडचे लोक त्याचं नाव ऐकून त्याला आपलाच समजायचे आणि त्याच्याशी भडाभडा तमिळ बोलायचे. हा मान डोलवायचा आणि शेवटी म्हणायचा, "समजलं न्हाय, पर बोला, बरं वाटतंय."

तीन हंगाम तो चालवत होता. पहिल्यात धडपडला, दुसऱ्यात जिंकू लागला. वळणाच्या तोंडाशी सगळे ब्रेक दाबून मोकळे झाले तरी हा दाबायचा नाही. आणखी थोडं, आणखी थोडं करत अगदी शेवटी दाबायचा आणि तेवढ्यात एक गाडी मागे टाकायचा. संगणकावर प्रत्येक ड्रायव्हरच्या ब्रेकची रेषा उमटते. त्याची रेषा दाखवून प्रशिक्षक इतरांना शिकवत. तिसऱ्या हंगामाच्या शेवटी परदेशातल्या एका संघानं त्याच्याकडं लक्ष घातलं. शेवटच्या शर्यतीत पहिल्या तिघांत आला, तर पुढच्या वर्षी तिकडची गाडी त्याची, असं ठरलं. आमच्याकडून तिकडं जायचा तो एवढाच दरवाजा होता आणि तो एकाच माणसापुरता उघडत होता.

त्या शर्यतीला बालाजीनं अण्णांना बोलावून घेतलं. सोलापूरहून रेल्वेनं ते आले, पांढरं धोतर, टोपी आणि हातात कापडी पिशवी. इतके दिवस लेकाला त्यांनी फक्त मोबाईलवर पाहिलं होतं. गाडीभोवती ते दोनदा फिरले आणि मला म्हणाले, "एवडीशीच हाय व्हय रं? हिला पुजायची कुटनं?"

इथं आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. दसऱ्याला ट्रॅक्टर धुऊन पुजतात हे सगळीकडंच आहे. अण्णा त्याशिवाय गावच्या देवीच्या पायावरचं एक लिंबू आणून सीटशेजारच्या टूलबॉक्समध्ये ठेवायचे. वर्षभर ते तिथंच असायचं, वाळून सुपारीएवढं व्हायचं आणि पुढच्या दसऱ्याला नवं यायचं. ड्रायव्हरच्या उजव्या हाताला देवी असली की काही होत नाही, असं ते मानत, आणि त्यांच्या सगळ्या आयुष्यात खरोखरच काही झालं नव्हतं.

शर्यतीआधी गाड्या रांगेत उभ्या करतात आणि घरच्यांना थोडा वेळ जवळ जाऊ देतात. मी मागच्या चाकापाशी होतो. अण्णा पुढं वाकले, लेकाच्या हेल्मेटवर हात ठेवला, गाडीला हात लावून कपाळाला लावला आणि बाजूला झाले. आम्हा सगळ्यांना ते पाहून बरं वाटलं. रेसच्या गाडीला टूलबॉक्स नसतो. अण्णांनी धोतराच्या सोग्यातलं लिंबू बालाजीच्या उजव्या कुशीला, सीट आणि पत्र्याच्या फटीत सारलं होतं.

गाडी पळायला लागल्यावर ते तिथं राहणार नव्हतंच. निम्मी शर्यत झाली होती आणि बालाजी दुसरा होता. लांब सरळ पट्टा संपवून तो वळणाशी आला, नेहमीसारखा शेवटपर्यंत थांबला आणि ब्रेक दाबला. ब्रेक खाली गेला नाही. पॅडलमागे लिंबू होतं. ते फुटलं तेव्हा ब्रेक लागला, पण तोवर पुढची गाडी आली होती. चाकावर चाक चढलं, ती गाडी फेकली गेली आणि बालाजीची भिंतीवर गेली. त्या दुसऱ्या पोराचं मनगट मोडलं. बालाजीचा डावा पाय गुडघ्यात मोडला.

चेपलेली गाडी पिटमध्ये, आमच्या दुरुस्तीच्या जागेत, आणली, तेव्हा नाकाड सोडवायला मी आत डोकं घातलं. तेल आणि जळक्या रबराच्या वासात लिंबाचा वास आला. पॅडलखाली चोथा होता आणि त्याला कुंकू लागलेलं होतं. मी तो फडक्यात गुंडाळून खिशात घातला.

दवाखान्यात बालाजी शुद्धीवर होता. मला पाहिल्यावर पहिला प्रश्न त्यानं हाच विचारला, "घावलं का तुला?"

मी म्हणालो, "घावलं."

"टाकून दे. कुनाला बोलू नगंस."

तेवढ्यात अण्णा आत आले. प्रशिक्षकांनी तोवर संगणकावरची रेषा पाहिली होती. ब्रेक उशिरा लागला हे त्यात स्वच्छ दिसत होतं, आणि गाडीत बिघाड नव्हता. कुणीतरी ते हिंदीत अण्णांना समजावून सांगितलं होतं. अण्णा खाटेच्या कडेला टेकले आणि लेकाच्या कपाळावरून हात फिरवत म्हणाले, "चुकलास रं पोरा. उशीर केलास. पर म्या आईचं लिंबू ठिवलं हुतं तुज्या उजव्या हाताला. तिनंच राखलं तुला."

बालाजी छताकडं बघत होता. म्हणाला, "व्हय अण्णा. माजंच चुकलं."

नंतर मी त्याच्याशी भांडलो. चौकशी बसली होती, खरं सांगितलं असतं तर त्याच्यावरचा डाग गेला असता. मी म्हणालो, "तुझी चूक नव्हती, मग बोलत का नाहीस?"

"माजी नव्हती तर कुनाची हुती? नाव घी की."

मी नाव घ्यायच्या आत तोच पुढं बोलला.

"नाव घेतल्यावर म्हातारा त्या ट्रॅक्टरवर परत चढंल का? गाड्या लई हायती, शिवा. बाप एकच हाय."

गाड्या काही लई नव्हत्या. चौकशीत चूक त्याची ठरली आणि काही महिने त्याला शर्यतीतून बाजूला ठेवलं. परदेशातली जागा दुसऱ्याला गेली. पाय बरा झाल्यावर दुसऱ्या एका संघानं त्याला चाचणीला बोलावलं. मी मुद्दाम गेलो होतो. पहिल्या फेरीत छान चालवलं त्यानं, पण वळण जवळ आलं की हेल्मेट किंचित खाली झुकायचं. दुसऱ्या फेरीत तेच, तिसऱ्या फेरीतही तेच. तिथले प्रशिक्षक म्हणाले, "हा रस्त्याकडं बघत नाही, पायाकडं बघतो." बालाजी गाडीतून उतरला, ग्लोव्हज काढले आणि मला म्हणाला, "त्यांचं बराबर हाय. चल, गावाकडं जाऊ." इतकी वर्षं मला वाटत होतं की त्याचं करिअर त्या भिंतीवर संपलं. ते या चाचणीत संपलं आणि ते त्यानं स्वतः संपवलं.

मी धाराशिवला तंत्रनिकेतनात शिकवायला लागलो आणि त्यानं ड्रायव्हिंग स्कूल काढलं. अण्णांना त्यानं तिथंच आणलं. ते दाराबाहेर खुर्ची टाकून बसायचे आणि नवीन येणाऱ्या प्रत्येकाला गोष्ट सांगायचे. "पोरगं फारेनला जानार हुतं. येक चूक केली, ब्रेक उशिरा लावला. पर आईनं राखलं." आत बालाजी लायसनचे कागद लावत असायचा आणि त्याला सगळं ऐकू जायचं. मला त्या म्हाताऱ्याचा कधी कधी संताप यायचा, हे कबूल करतो. बालाजीला आला असेल तर मी तो पाहिला नाही. एकदा शिकायला आलेल्या एक बाई जाताना त्याला म्हणाल्या, "असू द्या हो, चूक माणसाकडूनच होते." त्यानं मान हलवली आणि गाडीपाशी जाऊन पायाखाली चाचपायला लागला.

दर दसऱ्याला अण्णा स्कूलच्या गाडीत लिंबू ठेवायचे. बालाजी ते रुमालात घट्ट बांधायचा, डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकायचा आणि कप्प्याला कुलूप लावायचा. फेकून मात्र त्यानं एकही दिलं नाही. लग्नाचं विचारलं की म्हणायचा, "आमी दोघं बराय."

त्याला साधा ताप आला. डेंग्यू निघाला आणि सरकारी दवाखान्यात चार दिवसांत सगळं आटोपलं. भिंतीवर आदळून जगलेला माणूस डासानं नेला, हे मला अजून पटत नाही.

तेरावा झाल्यावर अण्णांनी मला थांबवून घेतलं. स्कूलच्या बंद दारापुढं त्यांच्या खुर्चीशेजारी मी बसलो. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "शिवा, येक इचारतो. त्यो माज्यासंगं उसाच्या ट्रॉल्या घिऊन उतरायचा, कदी उशीर केला न्हाय. हितं शिकवतानी केला न्हाय. मंग तवाच कसा चुकला? गाडी तू उगडली हुतीस. आत काय बिगाड हुता का?"

मी पाणी आणायच्या निमित्तानं उठलो, त्यांनी हात धरून परत बसवलं.

"न्हाय मंजी," ते म्हणाले, "एवडी वरसं म्या गावाला सांगत आलो, पोरगं चुकलं, पोरगं चुकलं. त्यो आतनं ऐकायचा. ते खोटं असंल तर मला कळाय पायजे. म्या त्याची बदनामी केली असंल तर मला कळाय पायजे."

बालाजीचं नाव धुऊन काढायची वेळ आली असेल, तर ती हीच होती. जगात त्याच्यासाठी विचारणारा तेवढा एकच माणूस उरला होता आणि तो माझ्यासमोर बसला होता.

"न्हाय अण्णा," मी म्हणालो. "गाडी चांगली होती. तोच चुकला."

अण्णांनी हळूहळू मान हलवली. उपरण्यानं डोळे पुसले आणि बंद दाराकडं पाहत म्हणाले, "मंग बरं हाय. म्या खोटं बोललो न्हाय माज्या पोराबद्दल."

मी म्हणालो, "न्हाय अण्णा, तुम्ही खोटं बोलला नाहीत."