निसटलेलं वाक्य

आमच्या काकूला कोणी "आता आराम कर" म्हटलं की तिचं डोकं फिरतं. वकिलाच्या ऑफिसात तिने वर्षानुवर्षं टायपिंग केलं. वकीलसाहेब थकले, ऑफिस बंद झालं आणि नातेवाइकांनी काकूलाही त्यांच्याबरोबर परस्पर निवृत्त करून टाकलं. तिला ते मान्य नव्हतं. तिने स्वतःच काम शोधलं. ऐकू न येणाऱ्यांसाठी व्याख्यान चालू असतानाच ते टाइप करत जायचं, घरी बसून, इंटरनेटवरून. सकाळी अकराला तिची चाचणी होती आणि संधी एकच होती.

नेमकं त्याच सकाळी रस्ता खणणाऱ्यांनी केबल तोडली आणि घरचं नेट गेलं.

"पुढच्या आठवड्यात घ्या म्हणावं त्यांना," काका म्हणाले.

"अहो, पुढच्या आठवड्यापर्यंत दुसऱ्या कोणाला घेऊन मोकळे होतील ते," असं म्हणत काकूने आपला फोन कॉम्प्युटरला जोडला. फोनचं नेट कॉम्प्युटरला द्यायचं, म्हणजे टेदरिंग करायचं, ठरलं. मी पुतणी, या विषयातली घरातली तज्ज्ञ, लगेच पुढे सरसावले.

"तू तोंडाने सांग, हात लावू नकोस. उद्या तू इथे नसशील," असं म्हणून तिने मला जागेवर बसवलं.

फोन चार्ज व्हायला लागला, पण कॉम्प्युटर त्याला ओळखच दाखवेना. काही वायरी नुसत्या चार्जिंगच्या असतात, असं मी सांगितलं. काकूने काकांचा वायरींचा डबा टेबलावर उपडा केला. काका एकही वायर टाकून देत नाहीत आणि त्यावरून आजवर त्यांनी भरपूर ऐकून घेतलंय. त्याच गुंत्यातली एक वायर चालली. काकांनी विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिलं, काकूकडे बघायची त्यांची हिंमत झाली नाही.

टेदरिंग चालू केलं, नेट आलं आणि लगेच गेलं. पुन्हा आलं, पुन्हा गेलं. मी सिग्नलला बोल लावला. काकूने फोन खिडकीत ठेवून पाहिला, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. मग हाताची घडी घालून ती नुसती बघत बसली. फोन वाजला की नेट जात होतं आणि बोलणं संपलं की येत होतं.

"सिग्नल बिग्नल काही नाही," ती म्हणाली, "आपलीच माणसं आहेत."

खरंच होतं. त्या जुन्या फोनला बोलणं आणि नेट एका वेळी झेपत नव्हतं आणि चाचणीची बातमी साऱ्या गोतावळ्यात पसरली होती. आत्याने शुभेच्छा दिल्या. मावशीने "घाबरू नकोस" इतक्या वेळा सांगितलं की मलाच धडकी भरली.

"अहो, तुमच्या फोनवरून एकेकाला सांगा. माझं होईपर्यंत मला कोणीही फोन करायचा नाही."

काका आज्ञाधारकपणे आपला फोन घेऊन जिन्यात गेले.

चाचणी सुरू झाली. एक प्राध्यापक विहिरींबद्दल बोलत होते, काकूची बोटं त्यांच्या मागोमाग धावत होती आणि पलीकडे ऐकू न येणारे एक गृहस्थ ते वाचत होते. काकूला घ्यायचं की नाही, हे तेच ठरवणार होते. सगळं सुरळीत चाललं होतं आणि फोन वाजला.

काकांचाच होता. सगळ्यांना सांगून झालं, आता कोणी फोन करणार नाही, एवढं कळवायला त्यांनी केला होता, हे मागाहून कळलं.

काकूने तो कापला. नेट येईपर्यंत प्राध्यापक पुढे निघून गेले होते.

"दे काहीतरी ठोकून," मी कुजबुजले. मागचा-पुढचा संदर्भ होताच, कोणाला कळलं असतं?

काकूने माझ्याकडे पाहिलंही नाही. 'इथे एक वाक्य माझ्याकडून निसटलं,' असं तिने टाइप केलं आणि पुढचं वाक्य पकडलं. मी मनात म्हटलं, झालं, गेलं हातचं.

व्याख्यान संपलं तेव्हा काका दारात चोरासारखे उभे होते. पडद्यावर त्या गृहस्थांचा मजकूर उमटला आणि काकूने तो मोठ्याने वाचला.

"बाई, लोक गाळतात आणि पुढे जातात. काही गेलं हे मला कळतसुद्धा नाही. सगळे हसले की मीही हसतो. काहीतरी हुकलं, हे आज पहिल्यांदा मला कोणीतरी सांगितलं. उद्यापासून या."

काकूने डोळे पुसले, खुर्ची पुढे ओढली आणि टाइप केलं, 'किती वाजता?'