मुलुंडच्या पाटल्या आणि गुणाजीचा नारळ

गुणाजी परब गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचा आणि सुट्टीच्या दिवशी लुगडं नेसायचा. कुडाळकडचा, दशावतारात मुरलेला गडी. आमच्या लालबागच्या कलापथकात सीता, द्रौपदी, झालंच तर साक्षात महाराष्ट्रमाता, सगळ्या बायका तोच. मी पेटीवर. मी घाटावरचा, त्यामुळे त्याची मालवणी मला निम्मी कळायची, पण सूर पुरा कळायचा.

अठ्ठावन्न सालचा माघ महिना. चाळीच्या सत्यनारायणाला काय करायचं, असा प्रश्न निघाला. तीन वर्षं आम्ही संयुक्त महाराष्ट्राची कवनं गात होतो. मुंबई मिळायची तेव्हा मिळेल, घसे मात्र पार बसले होते. तेव्हा आमचे कवी बुधाजी म्हणाले, "ह्या खेपेला पेपरातलीच गोष्ट घेऊ. मुलुंडची चोरी. आणि एक वाक्य बोलायचं नाही, सगळं गायचं."

ही चोरी आमच्या चाळीला तोंडपाठ होती. मुलुंडच्या एका बंगल्यातून बाईंच्या पाटल्या गेल्या आणि आळ आला स्वयंपाकाच्या मुलीवर. ती मुलगी म्हणजे आमच्याच दुसऱ्या मजल्यावरची सुभद्रा, खानावळवाल्या गंगुबाईंची लेक. पुरावा नाही म्हणून कोर्टाने तिला सोडलं, पण चाळ कसली सोडते! आमची चाळ म्हणजे हायकोर्टाच्या वरचं कोर्ट. सुभद्रा आईच्या हाताखाली भाकऱ्या थापू लागली, तसे गंगुबाईंचे जेवणारे एकेक करून पलीकडच्या चाळीत जेवायला लागले. चौदांतला एकटा गुणाजी उरला. एका माणसावर खानावळ चालत नाही. मायलेकींनी मुंबई सोडून गावी जायची भाषा सुरू केली होती.

अशा वेळी हे नाटक बसवणं म्हणजे जखमेवर मीठ. मला बुधाजींचा संताप आला होता आणि पेटी वाजवत होतो म्हणून स्वतःचाही. त्यांनी शेवट तर फारच झोकात लिहिला होता. आरोपी मुलीने "सांगा मी चोर की साव" हे पद म्हणायचं आणि लोकांनी हात वर करून निकाल द्यायचा. "सभेत ठराव हात वर करून पास होतात, मग चोरी का नको?" असं त्यांचं म्हणणं. हात कुठल्या बाजूला वर जाणार, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. गुणाजीने मात्र मुकाट्याने मिशी काढली.

रविवारी दुपारी चौकात मुंगीला शिरायला वाव नव्हता. फौजदार गात आला, वकील गात भांडले, मॅजिस्ट्रेटने तर तारखासुद्धा भैरवीत दिल्या. लोक खूष. वरच्या गॅलरीत दार अर्धवट लोटून सुभद्रा उभी होती.

शेवटचं पद आलं. मी सूर दिला. गुणाजी गप्प. पुन्हा दिला, तरी गप्प. मला वाटलं, विसरला. तेवढ्यात त्याने पदराखालून नारळ काढला, दोन्ही हातांत धरला आणि सत्यनारायणाच्या चौरंगाकडे तोंड करून गाऱ्हाणं घालायला लागला.

"बा देवा म्हाराजा!"

कोकणातला माणूस झोपेत असला तरी ह्याला ओ देतो. अख्खा चौक गरजला, "व्हय म्हाराजा!"

"ह्या पोरीक कोणी वाकडा बोललो आसात, कोणी तिच्या हातचा अन्न सोडल्यान आसात, तर ती चूक पोटात घाल, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि उद्यापासून सगळ्यांका तिच्याच हातचा जेवची बुद्धी दी, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

म्हणून झालं आणि मग लोकांच्या लक्षात आलं, आपण काय म्हणालो ते. पण देवासमोर दिलेला होकार परत कोण घेणार? नारळ फुटला, प्रसाद वाटला गेला. हात वर करायचं राहूनच गेलं. बुधाजी डोक्याला हात लावून बसले.

"काय रे, पद विसरलास?" मी विचारलं.

"इसारलंय रे बाबुराव," तो म्हणाला. विसरणारा माणूस पदराखाली नारळ घेऊन येत नाही, एवढं मला घाटावरच्यालाही कळत होतं.

सोमवारी पहिली पाळी सुटल्यावर मी त्याच्याबरोबरच दुसऱ्या मजल्यावर गेलो. गंगुबाईंच्या खोलीत तेराच्या तेरा जण खाली मान घालून जेवत होते. त्यांतला धोंडू कुणी न विचारताच म्हणाला, "व्हय म्हटला, आता काय करतलंव?" महिनाभर एकट्याने जेवलेल्या गुणाजीला बसायला जागाच नव्हती.

सुभद्रा वाढता वाढता दारात आली. "गुणाजीकाका, तुमी मागच्या पंगतीक बसा."

"बसतंय गो," म्हणत तो गॅलरीत जाऊन उभा राहिला. स्टेजवर त्याला मी शंभरदा रडताना पाहिलं होतं, दर वेळी पदराने डोळे टिपायचा. त्या दिवशी त्याचा हात सवयीने खांद्याकडे गेला. तिथे पदर नव्हता, म्हणून त्याने सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले.