बेटावर नेलेला कढीपत्ता

बेटावरच्या लिंबूबागेत रोग कसा शिरला, याबद्दल मस्कतमधली आमच्या बागायतीच्या क्षेत्रातली माणसं आजही एकच गोष्ट सांगतात. बागेच्या व्यवस्थापकाच्या बायकोने बाजारातून चोरून कढीपत्त्याचं रोप आणलं आणि सगळी बाग घालवली. ही गोष्ट खोटी आहे. मला पक्कं माहीत आहे, कारण ती मीच तयार केली.

ओमानच्या किनाऱ्यावर, खाबुऱ्याच्या पट्ट्यात तेव्हा लिंबं मरत होती. फांद्यांच्या टोकाला केरसुणीसारखे झुपके यायचे आणि पाठोपाठ झाड वाळायचं. म्हणून एका खाजगी कंपनीने किनाऱ्यापासून दूर, एका लहानशा बेटावर निरोगी झाडांची बाग लावली. तिथे कलमं तयार करायची आणि किनाऱ्यावरच्या शेतांना पुरवायची. समुद्र हेच कुंपण. त्या कुंपणाला भोक कुठे पडू शकतं, हे सांगायचं काम, झाडांच्या रोगांचा सल्लागार म्हणून, माझं होतं. वारा, होड्या, फळांचे खोके, मजुरांच्या बुटांना चिकटलेली माती, अशी एकेक वाट मी तपासली आणि बंद केली. कढीपत्त्याचं तर पानसुद्धा बेटावर न्यायला बंदी घातली. तो लिंबाच्याच कुळातला. त्याच्या कोवळ्या पालवीवर एक बारीक कीड अंडी घालते, आणि रोग घेऊन आलेली तीच कीड लिंबावर बसली की झाड पिवळं पडत पडत मरतं. त्यावर औषध नाही.

बेटाकडे जाणाऱ्या फेरीबोटीच्या धक्क्यावर प्रत्येकाचं सामान उघडून बघत. माझी गाडी मात्र कधी उघडली नाही. पहारेकरी मला बघितलं की लांबूनच हात करायचे, "यल्ला, सर!" म्हणजे चला, जा पुढे, आणि मला ते आवडायचं.

व्यवस्थापक नागपूरकडचा, बौद्ध घरातला, संत्र्याच्या मुलखात वाढलेला. त्याला मीच नोकरी दिली होती, आणि हे मी त्याला विसरू देत नव्हतो. नवराबायको बेटावर राहत. बेटावर भारतीय शाळा नाही, म्हणून त्यांची मुलगी मस्कतमध्ये अल हैलला आमच्या घरी राहून शिकायची. मला ती काका म्हणायची.

एकदा बेटावर जेवताना त्याची बायको हसत म्हणाली, "काय जी सर, तुमच्या नियमापायी आमच्या कढीला वासच नाही राहिला." घरी आल्यावर मी हे माझ्या बायकोला सांगितलं. आमच्या मागच्या अंगणात कढीपत्ता होता, त्याच्या मुळाशी फुटवे यायचे. पुढच्या खेपेला तिने एक फुटवा तुपाच्या रिकाम्या डब्यात लावून माझ्या हातात दिला. मी तो गाडीच्या मागच्या सीटखाली ठेवला. बाकीच्यांना बंद असलेली वस्तू मी नेऊ शकतो, याचं मला त्या दिवशी कौतुकच वाटत होतं.

डबा बघून व्यवस्थापक गंभीर झाला.

"सर, हे इथं नको."

"अरे, माझ्या अंगणातलं आहे. मी रोज बघतो."

"तरीपण सर. पालवी आहे यावर. मी परत धक्क्यावर देऊन येतो."

धक्क्यावर पहारेकऱ्यांसमोर माझा डबा परत जाणार होता. मी म्हणालो, "आमच्या घरचं चालत नाही वाटतं तुला?"

हे वाक्य मी मुद्दाम निवडलं होतं. आमच्यासारख्यांच्या घरांतून त्याच्या आजा-पणजांना काय ऐकावं लागलं असेल, हे मला माहीत होतं. तेच उलटं करून मी त्याच्या तोंडावर मारलं. त्याने डबा घेतला आणि न्हाणीमागे ठेवला.

पुढे बागेत ती कीड सापडली, त्यानंतर पानांवर पिवळे डाग, आणि न्हाणीमागे तो कढीपत्ता. चौकशी लागली. समितीवर एक ओमानी अधिकारी होते आणि जाणकार म्हणून मी. जाण्याआधी मी नवराबायकोला फोन केला. "बाजारातून आणलं म्हणून सांगा. मी समितीवर आहे, तुम्हाला सांभाळून घेतो." नवरा म्हणाला, "सर, मुलगी तुमच्याकडे आहे. तुम्ही म्हणाल तसं."

चौकशी त्यांच्याच घराच्या ओसरीवर झाली, हिंदीत, कारण अधिकाऱ्यांना ती समजायची. त्याच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, ठरल्याप्रमाणे सांगितलं, खाबुऱ्याच्या बाजारातून आणलं. एवढ्यावर थांबता आलं असतं. पण अधिकारी माझ्याकडे बघत होते, आणि आपण आपल्या माणसांना झाकतोय असं त्यांना वाटू नये म्हणून मी पुढे विचारलं, "कौन-सी दुकान?"

त्यांनी नवऱ्याकडे बघितलं.

"दुकान का नाम बताइए. मालूम नहीं? धक्के पे किसी ने देखा नहीं? कहाँ छुपाया था?"

"थैली में," त्या म्हणाल्या.

"खाने के लिए छुपाया? एक पत्ते के लिए पूरा बाग?"

"सर, पुरे करा," नवरा मराठीत म्हणाला.

"तुम बीच में मत बोलो."

अधिकारी उठले. "खलास," म्हणाले. अहवालात मी लिहिलं, व्यवस्थापकाच्या कुटुंबाचा निष्काळजीपणा. माझी आखणी निर्दोष ठरली आणि माझं काम चालू राहिलं.

झाडं मुळासकट उपटून जाळायचा निर्णय झाला. जबाबदारी त्याची, म्हणून तोच उभा राहून करून घेईल, असा आग्रह मी धरला. त्याने एकेक कलम स्वतः बांधलं होतं. धूर डोळ्यांत जातोय असं म्हणून त्याने तोंड फिरवलं, तेव्हा मी त्याला सांगितलं की इकडे बघ, एकही खोड राहता कामा नये.

त्याची नोकरी गेली, व्हिसा गेला. मुलीचं दहावीचं वर्ष होतं, म्हणून तिला परीक्षेपर्यंत मी ठेवून घेतलं. ओळखीतले सगळे म्हणाले, केवढं मोठं मन. एक दिवस तिने मला विचारलं, "काका, आईने खरंच असं केलं?" मी तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणालो, "चूक झाली तिची. पण तू तिला बोलू नकोस." माझ्या आयुष्यात याहून वाईट मी काही केलेलं नाही. बाग तरी नुसती जळली.

माझी बायको आता नाही. डबा कोणी दिला आणि कोणी नेला, हे जाणणारं आमच्या घरात दुसरं कोणी उरलं नाही. गेल्या महिन्यात मी नागपूरला त्या व्यवस्थापकाला फोन लावला आणि त्याची माफी मागायला लागलो. त्याने मला मध्येच तोडलं.

"मला कशाला सांगता, सर? मला माहीतच आहे. पोरीला सांगा. आम्ही सांगून थकलो. ती म्हणते, काकांनी सांभाळलं मला, त्यांच्यावर काय ढकलता? आईसंगं कामापुरतं बोलते."

मुलगी आता ओमानमध्येच, सलालाहला बंदरावर नोकरी करते. मी तिला फोन केला आणि सगळं सांगितलं, डबा, सीट, फोन, ओसरी, काहीही न गाळता. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

मग म्हणाली, "काका, आईने कॉल केला होता का तुम्हाला?"

"नाही. मीच केला, तुझ्या बाबांना."

"म्हणजे बाबांनी सांगितलं, असं बोला म्हणून."

"नाही गं. खरंच मी नेलं होतं ते."

"तुम्ही किती चांगले आहात, काका," ती अडखळत म्हणाली. "पण प्लीज, तिच्यासाठी खोटं नका बोलू. या वयात तुम्हाला कशाला हा त्रास? मी बोलते तिच्याशी. परत तुम्हाला यात ओढायचं नाही म्हणून सांगते तिला."

मी नको नको म्हणत होतो. आईला फोन लावण्यासाठी तिने माझा कॉल कट केला.