न वाचता सही

फोन आला तेव्हा मी कॉलेजात पेपर तपासत होते. "जगदाळे वकील गेले," असं पलीकडून कुणीतरी म्हणालं आणि मी विचारलं, "आपण कोण? तुम्हाला कुणी सांगितलं?" बोलणारे साताऱ्याच्या कोर्टातले जुने कारकून होते. माणूस गेल्याच्या बातमीलाही आधी पुरावा मागायचा, ही सवय मला गेलेल्या माणसानंच लावली होती. सांगलीहून एसटीत बसले, कऱ्हाड मागं पडलं, तरी मला रडू आलं नाही. बातमी खोटी असेल, असंच वाटत होतं...

हणमंतराव जगदाळे यांच्या हाताखाली मी सहा वर्षं ज्युनिअर होते. मूळचे लोणंदकडचे. थोरला भाऊ फौजेत गेला, हे वकिलीत आले. त्यांच्याइतका संशयी माणूस मी पाहिला नाही. पक्षकार रडायला लागला की ते चष्मा पुसत बसायचे आणि रडणं संपलं की म्हणायचे, "झालं? आता खरं काय ते सांगा." समोर चहा आला तरी तो कुणी पाठवला हे कळल्याशिवाय कप उचलत नसत. कुठल्याही कागदाच्या प्रत्येक पानावर, खाली उजव्या कोपऱ्यात, त्यांची आखूड सही असायचीच. मधलं पान कुणी बदललं तर? मला त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "न वाचता सही करायची न्हाई. मी सांगितलं तरीबी न्हाई." मला तेव्हा हसू आलं होतं.

पुढं मी सांगलीत कायदा शिकवायला लागले आणि त्यांच्या मागं लागले की, सर, तुमचं विहिरींचं लिहा. आयुष्यभर त्यांनी सामाईक विहिरींचे दावे चालवले. चार भावांत एक विहीर, कुणी किती दिवस मोटर चालवायची ते बापानं तोंडी ठरवलेलं, कागद कसलाच नाही. अशी तोंडी पाळी कोर्टानं कशी मानायची, याचं जे उत्तर त्यांच्या डोक्यात होतं ते मला कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं. शेवटी तयार झाले. दोन वर्षं हातानं लिहीत होते. मी सुट्टीत कवठे महांकाळच्या बाजूला फिरून म्हाताऱ्या शेतकऱ्यांकडून पाळ्यांची माहिती लिहून आणायची आणि ते प्रत्येक म्हाताऱ्यावर शंका काढायचे.

लेख एका कायद्याच्या संशोधन नियतकालिकाला पाठवायचा ठरला आणि खरी गंमत तिथं सुरू झाली. नियतकालिकाचा नियम असा की लेखात लेखकाचं नाव कुठंही नको. लेख तपासणाऱ्या परीक्षकाला लेखक कोण ते कळता कामा नये. सर उखडले. "नाव काढून पाठवू? म्हंजे चोराला दार उघडून द्यायचं, वर बत्ती दाखवायची व्हय?" पहिल्यांदा त्यांनी नावासकट पाठवला, परत आला. दुसऱ्यांदा नाव खोडलं, पण सगळ्या पानांवर सही ठेवली. मी विचारलं तर म्हणाले, "सही म्हंजे नाव न्हवं." तोही परत आला. तिसऱ्यांदा मी हात जोडले. नियतकालिकाच्या वेबसाइटवर स्वतःचं खातं उघडायला ते तयार नव्हते, म्हणून लेख माझ्या खात्यातून पाठवायचं ठरलं. पण त्याआधी सही केलेली एक प्रत पाकिटात घालून, लाखेनं बंद करून, ती रजिस्टरनं स्वतःलाच पाठवायची, अशी त्यांची अट. उद्या चोरी झाली तर पोस्टाच्या शिक्क्यावर तारीख असेल. पोस्टातला माणूस म्हणाला, "वकीलसाहेब, पाठवणारं तुमी आन् घेणारंबी तुमीच?" सर म्हणाले, "म्हणून तर भरोसा हाय."

पाकीट बंद करायच्या आधी घरी त्यांनी एक पान माझ्यापुढं सरकवलं. वरचा मजकूर घडी घालून झाकलेला, खाली सहीपुरती जागा.

"हितं सही कर."

"वर काय लिहिलंय?"

"कर की गं."

माझ्या मनात पाल चुकचुकली. लेख माझ्या खात्यातून जाणार, तेव्हा तो मी लाटणार नाही असं माझ्याकडून लिहून घेतायत, दुसरं काय असणार! सहा वर्षं हाताखाली काढली, दोन वर्षं यांच्यासाठी उन्हातान्हात फिरले, आणि शेवटी मीही चोरच. मला फार लागलं ते. म्हटलं, "न वाचता सही करत नाही मी. तुम्हीच शिकवलंय." त्यांनी माझ्याकडं बघितलं, थोडं हसले. "बराबर हाय," म्हणाले आणि पान तसंच पाकिटात घातलं. त्यानंतर तीन महिने मी त्यांना फोन केला नाही. त्यांनीही केला नाही... आणि मग कारकुनांचा फोन आला.

तेराव्यानंतर काही दिवसांनी लेख स्वीकारल्याचं कळलं. छापण्याआधीची प्रत आली, तिच्यावर लेखक म्हणून माझं नाव. खातं माझं, म्हणून नाव माझं. खोटं कशाला बोलू, ते नाव तिथं शोभत होतं. मी बराच वेळ बघत बसले आणि मग स्वतःचीच भीती वाटली. संपादकांना कळवलं, लेख माझा नाही. त्यांचं उत्तर आलं, लेखक हयात नाहीत, लेख तुमच्याकडून आला, तर पुरावा काय?

पुरावा साताऱ्यात होता. गेले, तर सरांच्या पत्नी, काकू, दारातच म्हणाल्या, "तुज्या नावानं छापतायत म्हनं?" हे त्यांना कुणी सांगितलं, देव जाणे. पाकीट त्यांनी आणलं, पण माझ्या हातात दिलं नाही. "शेजारच्या दोघांना बोलावते. त्यांच्यासमूर फोडू." सरांच्या घरात दुसरं काय होणार!

पाकीट फोडलं. पानापानावर ती आखूड सही. सगळ्यात शेवटी ते घडीचं पान. काकूंनी घडी उलगडली, वाचलं आणि पान माझ्याकडं दिलं. वर लिहिलं होतं, या लेखाचे लेखक दोन. पहिलं नाव त्यांचं, खाली सही. दुसरं नाव माझं, खाली काही नाही.

काकूंनी सरांचं पेन पुढं केलं. "चुकलं माजं. कर आता सही."

"आता नाही चालत, काकू. मागच्या तारखेच्या कागदावर आज सही करायची नसते."

"हेबी त्यांनीच शिकवलं व्हय?"

मी मान डोलावली, आणि तेव्हा कुठं मला रडू आलं.

संपादकांना सगळी पानं पाठवली. दोन्ही नावं घालू म्हणाले. मी नको म्हटलं, माझी सही नाही त्यावर. लेख त्यांच्या एकट्याच्या नावानं आलाय. ते पान काकूंनी मला दिलं, माझ्या टेबलाच्या खणात आहे. मुलं कसले कसले अर्ज घेऊन येतात, मी प्रत्येक अर्ज शेवटपर्यंत वाचते, मगच सही करते. पण आता सरांनी वरचं झाकून म्हटलं ना, "कर की गं"... तर मी एक शब्दही न वाचता करीन.