आरेच्या तबेल्यात पारड्यांच्या जेवणाला

"रविवारी ये गं आरेत. काका त्या दिवशी पारड्यांचं ठरवणार आहेत," असा नंदिनीचा फोन आला आणि मी लगेच हो म्हटलं. नंदिनी माझी अंधेरीच्या ऑफिसातली मैत्रीण. तिच्या चुलतसासऱ्यांचा, रघुकाकांचा, आरेत तबेला आहे. पारडी म्हणजे म्हशीचं मादी पिल्लू. पेंड महागल्यामुळे दूध न देणारी ही पिल्लं काका विकायला निघाले होते. तोवर स्वस्त चाऱ्यावर त्यांना पोसून दाखवते म्हणून नंदिनीने दिवाळीपर्यंतची मुदत मागून घेतली होती, आणि आता दिवाळी झाली होती.

मुलुंडहून सकाळीच निघाले. पवईपुढे रिक्षा आरेत वळली आणि कुणी हळूच दार लावून घ्यावं तसा शहराचा आवाज मागे राहिला. झाडांखाली धुकं रेंगाळत होतं. रस्ता खड्ड्यांचा आहे आणि परतीची रिक्षा सहज मिळत नाही, तेव्हा शक्य असेल तर तीच थांबवून ठेवा. नाक्यावरच्या टपरीत गरम पोहे झकास मिळतात.

तबेल्यात नंदिनी भाताच्या बारीक कापलेल्या पेंढ्यावर गूळ-मिठाचं पाणी शिंपडत होती. शेजारच्या उथळ टाक्यात अझोला पसरली होती, पाण्यावर तरंगणारी मखमलीसारखी हिरवी वनस्पती.

"पेंढ्याने नुसतं पोट भरतं," ती म्हणाली. "अंग भरायला प्रथिनं लागतात. नुसती पेंड परवडत नाही, म्हणून थोडी ही अझोला."

दोन पारड्या मन लावून खात होत्या. तिसरी, सगळ्यात हडकुळी, लांब पापण्यांची, तोंड फिरवून उभी होती.

"हिने हिरव्याला अजून तोंडच लावलेलं नाही," नंदिनी म्हणाली. "आजही नाही खाल्लं तर वाट लागली."

काका आले. पारड्यांच्या बरगड्यांवरून हात फिरवत म्हणाले, "या दोघी राहतील. ही नाही."

नंदिनीने टाक्यातून मूठभर अझोला काढून माझ्या हातात दिली. "नीट धू. टाक्यात शेण घालतो, त्याचा वास राहिला की खात नाहीत."

मी धूत राहिले. बोटांमधून गार हिरवं पाणी झिरपत होतं. पत्र्याच्या फटींतून ऊन उतरलं होतं, म्हशी संथ रवंथ करत होत्या, आणि मुंबईत आहोत हे मला खरंच आठवेना. गव्हाच्या कोंड्यात चिमूटभर हिरवं मिसळून मी तळहात पुढे केला. पारडीने हुंगलं. मग खरखरीत जीभ फिरली. पुढच्या मुठीत हिरवं थोडं वाढवलं, तेही गेलं. शेवटी तिने कोंडा-अझोलाच्या घमेल्यातच तोंड घातलं.

काका बघत होते.

"अजून महिनाभर द्या ना," नंदिनी हळूच म्हणाली.

"महिन्याने काय होतंय? दूध द्यायला हिला तीन-चार वर्षं लागतील." त्यांनी पारडीचं दावं सोडलं आणि तिला त्या दोघींशेजारी नेऊन बांधलं. "तोवर खाऊ दे."

घरी पोचले तेव्हा दुपार कलली होती. कपड्यांना गुळाचा आणि पेंढ्याचा वास येत होता.

"काय काय पाहिलंस?" नवऱ्याने विचारलं.

"एक पारडी जेवताना पाहिली."

तो पुढचं ऐकायला थांबला. पण माझ्याकडे तेवढंच होतं, आणि ते पुरेसं वाटत होतं.